असली खलासी

खलासीदादांनी मला फसवलं. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहीन आणि वाचणाऱ्याला वाटेल, बाईचा राग गेला. राग गेलेला नाही. भिलाईतल्या हुडको वस्तीच्या बाजारातलं मासळीचं दुकान मी माझ्या जिभेवर उभं केलं आहे. बर्फवाला, टेम्पोवाला, व्यापारी, कोणाची मला गंडवायची छाती झाली नाही. आणि वैशाली नगरातल्या एका म्हाताऱ्याने, एक शब्दही खोटा न बोलता, मला उभ्या उभ्या गंडवलं.

त्याचं असं झालं. अहिवाऱ्याकडे चुनखडीची एक जुनी खदान आहे. काम बंद पडल्यावर तिच्यात पाणी साचलं आणि ते पाणी मी माशांसाठी ठेक्यावर घेतलं. मध्यावर जाळीचे पिंजरे, पिंजऱ्यांत मासे. दुसऱ्याचे मासे विकण्यात जन्म चालला होता, आता आपले विकावेत एवढंच डोक्यात होतं. ठेका एका वर्षाचा. पुढे वाढवून हवा तर पिंजऱ्यांपर्यंत जायला धड नाव पाहिजे, आणि नावेला तेलाचं इंजिन चालणार नाही, कारण खालच्या गावाची गुरं त्याच पाण्यावर येतात. ठेका देणारे साहेब स्वतः नावेत बसून पिंजरे बघणार होते. नाव धड नसली तर ठेका दुसऱ्याला. दुसरा तयारच बसला होता, आणि मला परत फुटपाथवर टोपली घेऊन बसायचं नव्हतं.

नावेचं सोपं होतं. भिलाईत पत्र्याचं काय करून मिळत नाही? एका वेल्डिंगवाल्याकडून सपाट बुडाची, मोठ्या ट्रेसारखी नाव करून घेतली. कुठल्याशा बंद पडलेल्या नौकाविहाराच्या सामानातून बॅटरीवर चालणारी एक छोटी मोटर घासाघीस करून आणली. वर डोकं आणि हँडल, खाली लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. हँडल फिरवलं की पंख्याचं तोंड फिरतं आणि नाव वळते. म्हणजे वळायला पाहिजे. राहिला होता माणूस.

मी बॅटरीवाल्याला सांगितलं, मला खलासी पाहिजे. माझे वडील रेल्वेत, दुर्ग लाइनीवर. पाना उचलून मिस्त्रीच्या मागे चालणारा रेल्वेचा खलासी मी लहानपणापासून पाहिलेला. म्हणून मुद्दाम बजावलं, "रेलवे वाला नहीं चाहिए. असली खलासी चाहिए."

बॅटरीवाला म्हणाला, "असली चाहिए तो एक ही है दीदी, वैशाली नगर में. हापिस-आरिया वाला."

हापिस म्हणजे वर घे, आरिया म्हणजे खाली सोड. हे जहाजावरचे शब्द, एवढं मला ऐकून माहीत होतं. मी खूश झाले. भिलाईत जन्म काढून एक गोष्ट विसरले, त्याचाच आज संताप येतो. या गावात असली खलासी म्हणजे पोलादाच्या प्लँटचा खलासी. क्रेनच्या हुकाला वजन बांधून देणारा, आणि खाली उभा राहून वरच्या क्रेनवाल्याला हाताने इशारे करणारा. जहाजावरून तो शब्द इथे कसा आला कोण जाणे, पण इथे आल्यापासून त्याने पाणी पाहिलेलं नाही.

मी त्यांच्या दारात गेले तेव्हा ते ओट्यावर बसून मिशीला तेल लावत होते. पांढरी, जाड, दोन्ही टोकं पिळलेली. ती दोन्ही टोकं एका रेषेत आहेत की नाही हे ते भिंतीच्या कडेशी डोळा लावून बघायचे. मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या खाली पिवळं हेल्मेट खिळ्याला टांगलेलं.

"जय भीम दादा. तुम्हीच खलासी?"

"जय भीम. जिंदगीभर."

"दोराचं काम येतं?"

"बाई, दोर मले विचारून गाठ खाते."

"पाण्याची भीती?"

"पाणी काय करते मले?" ते म्हणाले, आणि मिशीच्या दुसऱ्या टोकाकडे वळले.

तुम्हीच सांगा, यात खोटं काय होतं?

मी पगारावर घासाघीस सुरू केली. त्यांनी पगाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांची घासाघीस वेगळीच. म्हणाले, "दोन टाइम चाय. अन् ओरडायचं नाई."

"ते मला जमणार नाही."

"मंग दिवसातून एकडाव."

शेवटी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा यावर सौदा ठरला. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच ओरडण्याचा भाव ठरवला, आणि तोही माझ्याच तोट्याचा.

पहिल्या दिवशी ते हेल्मेट घालून, प्लँटचे जाड बूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून खदानीवर आले. खदानीचा काठ म्हणजे दगडाच्या उंच पायऱ्या. पत्र्याची नाव वरून पाण्यापर्यंत न्यायची कशी, हा मला पडलेला प्रश्न. दादांनी नावेभोवती एक फेरी मारली, तिला हाताने थोपटलं, खाली वाकून पाहिलं. वजनाला हात लावायच्या आधी ते नेहमी तसं करायचे, जनावर विकत घेताना करतात तसं. मग दोन दोर बांधले, एक बाभळीला, एक खडकाला, आणि गड्यांना उभं करून शिट्टी वाजवली. तोंडातून एक शब्द नाही. नुसता हात. हात खाली झाला की दोर सुटायचा, मूठ झाली की थांबायचा. नाव एक ओरखडा न पडता पाण्यावर जाऊन बसली. माझ्याकडची कामवाली सोनबती, इथलीच छत्तीसगढी बाई, तोंडावर पदर घेऊन बघत राहिली.

एका दोराची गाठ ओली होऊन घट्ट झाली होती. मी सोडायला गेले तर दादा एवढ्या जोरात ओरडले की माझा दिवसभराचा कोटा त्यांनीच वापरला. "हात नाही लावायचा! ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. आमच्या प्लँटात दुसऱ्याच्या गाठीले हात लावला तर मॅनेजरलेही बाहेर काढत." मागून समजावून सांगितलं. वर वजन लटकलेलं असतं, खाली माणसं असतात. ती गाठ कशासाठी बांधली हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. आपल्याला ती नुसती गाठ दिसते.

मग त्यांनी हात झटकले आणि सोनबतीला म्हणाले, "चला, चाय आणा. काम झालं."

मी म्हणाले, "झालं कुठे? बसा."

"कुठं?"

"नावेत."

"कावून?"

कावून म्हणजे कशाला, आणि त्या "कावून"मध्ये माझी सगळी अक्कल बुडाली. मी विचारलं, तुम्ही खलासी ना? म्हणाले, हाव ना, प्लँटचा. मी विचारलं, पोहायला येतं? म्हणाले, पोहायचं काय काम पडलं क्रेनवर? मग मी सकाळचं आणि संध्याकाळचं एकदमच ओरडून घेतलं. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकलं, हेल्मेट नीट केलं आणि म्हणाले, "बाई, खलासी म्हणून बोलावलं न तुमी? मंग खलासी म्हणूनच जाईन. थांबा."

ते बाभळीपर्यंत गेले आणि एक लांब दोर घेऊन आले. नावेत बसले. मी मोटर लावली, हँडल धरलं आणि पिंजऱ्यांकडे तोंड केलं. नाव निघाली. जराशी गेली आणि डावीकडे वळली. मी हँडल दाबलं. आणखी वळली. एक गोल फेरा मारून आम्ही काठाकडे तोंड करून परत. पुन्हा निघालो, पुन्हा फेरा. मी मोटर विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढत होते, तेवढ्यात काठावरून सोनबती किंचाळली, "दीदी, नाव ह किंजरत हे! बबा ह रुख म बंधाय हे!"

मी मागे वळून पाहिलं. दादांच्या कमरेला दोर होता आणि दोराचं दुसरं टोक बाभळीला. नाव जागच्या जागी किंजरत होती, म्हणजे गोल फिरत होती, कारण नावेतला एक माणूस झाडाला बांधलेला होता.

"हे काय?"

"सेफ्टी," दादा म्हणाले.

पण खरं सांगायचं तर दोषी एकटा दोर नव्हता. दादांना काठावर ठेवून मी आणि सोनबती गेलो तरी नाव फिरलीच, फक्त फेरा मोठा झाला. आणि इथून दादांचं खरं रूप दिसलं. दुसरा कोणी असता तर मिस्त्री बोलवा म्हणाला असता. ते हट्टाला पेटले. त्यांची एक सवय होती. बिघडलेल्या वस्तूशी ते भांडायचे नाहीत, तिच्यापुढे बसून राहायचे. मी मोटरला शिव्या द्यायचे तेव्हा म्हणायचे, "तिले विचारा न, वजन कुठं हाय तिचं." मी म्हणायचे, तुम्हीच विचारा. आणि ते खरंच तासभर नावेपुढे बसायचे, विचारल्यासारखे.

त्यांचा पहिला शोध बॅटरीचा. बॅटरी जड, आणि मी ती माझ्या सोयीने उजव्या कडेला ठेवलेली. नाव एका अंगावर कलून चालत होती. बॅटरी मधोमध आणून बांधली, फेरा आणखी मोठा झाला. दादांनी मिशी पिळली, जणू रोग पळाला. दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की मोटर डावखुरी आहे. असं काही नसतं, हे मलाही कळत होतं. पण त्यांनी ती काढून उलटी बसवायला घेतली, पकडीचे स्क्रू सैल केले आणि मोटर सुळकन पाण्यात गेली. दादांनी शांतपणे एक दोर ओढला आणि मोटर वर आली. स्क्रू सैल करायच्या आधीच बांधून ठेवली होती. "आधी बांधायचं, मंग सोडायचं," ते म्हणाले. मी विचारलं, पण डावखुरी होती का? तर म्हणाले, "नाई. पण आता आपल्याले माहीत झालं."

हे त्यांचं मला कधी पटलं नाही. चूक करून इतकं खूश होणारा माणूस मी बाजारात पाहिलेला नाही. बाजारात चुकलेला माणूस आधी दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

मोटरचा खरा आजार सापडला तो वाऱ्याच्या दिवशी. दांड्याला धरणारी एक कडी असते, स्क्रूने आवळायची. ती आतून झिजली होती. हँडल सोडलं की दांडा स्वतःच्या मर्जीने फिरायचा, आणि घट्ट आवळला तर दोन्ही हातांनीही हलायचा नाही. दादांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून कडीच्या आत बसवली आणि स्क्रू हळूहळू आवळला. आता हँडल जिथे ठेवाल तिथे राहायचं आणि हलवलं तर हलायचं. पुढे बसून काम करता यावं म्हणून हँडलवर पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवला. त्या दिवशी आम्ही पहिल्या पिंजऱ्यापर्यंत पोचलो. परत येताना वाऱ्याने नावेची शेपूट फिरवली आणि आम्ही आडवे होऊन काठाला लागलो, पण पोचलो होतो.

शेपटीचं कोडं त्यांनी चहा पिताना सोडवलं. बशी ओट्यावर ठेवली, बोटाने मागून ढकलली. बशी तिरपी गेली. मग कडेला बोट लावून पुढून ओढली. सरळ आली. "ढकललेलं वजन भटकते," ते म्हणाले. "ओढलेलं मागं येते. आपण येड्यासारखं मागून ढकलून राहिलो." म्हणजे मोटर मागून काढून पुढे लावायची. लावली. तर हँडल पाण्याकडे तोंड करून बसलं, आणि ते माझ्याकडे फिरवलं की नाव उलटी पळायची. मी पुन्हा ओरडले. दादांनी डोक्याखालचा बोल्ट खोलला आणि डोकं तेवढं उलटं फिरवून पुन्हा आवळलं. हँडल माझ्या हातात आलं आणि पंखा नावेला पुढे ओढू लागला.

एवढं करूनही मी हँडल धरलं की नाव साप गेल्यासारखी जायची. या मोटरचं हँडल उजवीकडे नेलं की नाव डावीकडे जाते. माझी सगळी अक्कल स्कूटरवर तयार झालेली. नाव चुकली की मी हिसका द्यायचे, आणि ती आणखी चुकायची. दादा काठावरून शिट्टी मारत, मी नावेतून ओरडत, सोनबती मध्येच "डेरी कोती, डेरी कोती" म्हणत डावीकडे हात करत. एका संध्याकाळी दादांनी शिट्टी गळ्यातून काढून दगडावर ठेवली.

"बाई, एका क्रेनले दोघं इशारे करत नाईत. माणसं मरते त्यात. हुकूम एकाचाच. तुमचा का माझा, ठरवा."

मी आयुष्यात कोणाचा हुकूम मानलेला नाही. सासरचा नाही, बाजाराचा नाही. म्हणून मी घासाघीस केली. पाण्यावर हुकूम तुमचा, काठावर माझा. ते म्हणाले, कबूल. मग त्यांनी मला इशारे शिकवले, आणि त्यातच त्यांची हुशारी होती. डावं-उजवं हे शब्द ते कधी वापरायचेच नाहीत. "तुमचं डावं का माझं डावं, यातच भांडण होते," म्हणायचे. हात ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला मी हँडल न्यायचं, नाव कुठे जाते ते बघायचं नाही. "मी नावेले नाई सांगून राहिलो, तुमच्या हाताले सांगून राहिलो." आणि पंजा सरळ उभा धरला तर, आहे तसं धर, काही करू नको. हा शेवटचा इशारा मला सगळ्यात अवघड गेला. काही न करणं मला कुठून येणार?

काठाकाठाने सराव केला. ते बाभळीला बांधलेले, दोर पुरेल तेवढ्याच पाण्यात. त्यापुढे मी आणि सोनबती जायचो.

साहेब आले त्या दिवशी वारा होता. त्यांनी नाव पाहिली, मोटर पाहिली, हसले आणि नावेत पाय टाकणार तेवढ्यात त्यांची नजर दोरावर गेली. दोर दादांच्या कमरेपासून बाभळीपर्यंत.

"ये आपका ही आदमी है न?" साहेबांनी मला विचारलं. "आपका खलासी खुद को पेड़ से बाँधकर बैठा है, और मैं ऐसे ही बैठ जाऊँ?"

त्यांनी पाय मागे घेतला. पाय नव्हे, माझा ठेका मागे गेला. मी पुढे होऊन दादांच्या कमरेची गाठ सोडायला हात घातला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ज्यानं बांधली त्यानं," ते म्हणाले.

ते खाली बघत राहिले. बोटं गाठीवर होती, पण हलत नव्हती. मी ओरडले नाही. ओरडायचं माझं एकदाचं शिल्लक होतं तरी ओरडले नाही. काठावर सोनबती म्हणाली, "छोर दे न बबा," आणि ते हळूच, लहान पोराची चड्डी सोडावी तशी, गाठ सोडू लागले. दोर पाण्यात पडला. ते नावेच्या अगदी पुढे, मोटरशेजारी जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. पिवळं हेल्मेट, ताठ मान, आणि उजवा हात वर. पंजा सरळ उभा.

आहे तसं धर.

मी धरलं. वारा बाजूने मारत होता. मला वाटलं, आता हात झुकेल, आता झुकेल. हात झुकला नाही. मी हँडल जरासं सावरायचे, नाव जरा हलायची आणि पुन्हा ओळीत यायची. साहेब मध्ये बसून मागे बघत होते. नंतर म्हणाले, पाण्यावरची रेघ सुतासारखी सरळ होती. शेवटच्या पिंजऱ्याला नाव लागली तेव्हा दादांचा हात तसाच वर होता. मी "दादा, पोचलो" म्हणाले, तेव्हा कुठे खाली आला. परत येतानाही तेच.

ठेका वाढला. मी त्या संध्याकाळी मासे शिजवून डबा पाठवला. त्यांनी मासे परत पाठवले, रस्सा ठेवून घेतला. ते मासे खात नाहीत हे मला तेव्हा कळलं. मासळीवालीच्या नावेत चाकरी करून रश्श्यावर भागवणारा माणूस.

पावसाळ्याआधी त्यांची मुलगी आली आणि डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना पवनीला, आपल्या घरी, घेऊन गेली. जायच्या दिवशी ते एकटेच खदानीवर येऊन गेले. मी बाजारात होते. भेटले नाहीत, म्हणजे पळालेच म्हणायचं. शिट्टी हँडलला लटकवून गेले, आणि नाव बाभळीला नव्या दोराने बांधून गेले.

मुलीला मी फोन केला, ऑपरेशन कसं झालं विचारायला. म्हणाली, "चांगलं झालं जी. दोन्ही डोळ्याचं करा लागलं. बाबाले तर वर्षभरापासून धड दिसतच नव्हतं. चार-पाच हात पुढचं तेवढं दिसे."

मी म्हणाले, फोन त्यांना दे.

"दादा, साहेब आले त्या दिवशी तुम्हाला पिंजरे दिसत होते?"

"कुठचे पिंजरे?"

"मग हात कशाचा दाखवत होतात मला?"

मग म्हणाले, "बाई, मले भेव लागून राहिला होता न. हात एकडाव वर गेला तो खालीच येईना. मी म्हटलं, नाव तर बरोबर जाऊन राहिली, राहू द्या."

म्हणजे हुकूम कोणाचा होता? मी त्यांचा मानत होते. ते माझ्या भरवशावर डोळे मिटून बसले होते. पाण्यावर हुकूम तुमचा असा सौदा झाला होता आमचा, सोनबती साक्षीला आहे. तो सौदा त्यांनी भर पाण्यात मोडला, आणि मला कळूही दिलं नाही. बाजारात असं कोणी केलं असतं तर मी त्याची टोपली उलटी केली असती.

आता दुसरी नाव वेल्डिंगवाल्याकडे तयार होते आहे. तिची मोटर पहिल्या दिवसापासून पुढे बसणार आहे, बॅटरी मधोमध. सोनबती हँडल धरते. तिची रेघ माझ्यापेक्षा सरळ जाते, आणि ती मला ओरडू देत नाही. पिंजरे वाढले. दादांना फोन केला की ते म्हणतात, "येऊन राहिलो न बाई," आणि मागे नातवंडांचा गलका ऐकू येतो. डोळ्यांनी आता लांबचं दिसतं म्हणे. मिशीचं एक टोक खाली होतं, हे इतक्या दिवसांनी आरशात दिसलं म्हणे.

पण ती बाभळीची गाठ. अशी गाठ त्यांनी मला कधी दाखवली नव्हती. ती सरकत नाही, सैल होत नाही, आणि कुठून सुरू होते ते दिसत नाही. पावसाळा तिच्यावरून गेला. रोज सकाळी आम्ही नाव सोडतो ती नावेकडच्या टोकाने. झाडाकडचं टोक तसंच आहे. गड्यांनी विचारलं, कापू का? मी त्यांना बाहेर काढायची धमकी दिली.

तर दादा, हे तुमच्या मुलीने तुम्हाला वाचून दाखवावं, म्हणून लिहिते आहे. तुम्ही मला दोनदा फसवलं. एकदा खलासी म्हणून, एकदा हात वर करून. दोन्हीचा जाब तुम्हाला द्यावा लागेल, फोनवर नाही, इथे येऊन, माझ्यासमोर, नावेत बसून, कमरेला दोर न बांधता. आणि तिसरा सवाल त्या गाठीचा. परत यायचं नव्हतं तर बांधली कावून? नियम तुमचाच आहे. दुसऱ्याने हात लावायचा नाही. ज्याने बांधली त्यानेच सोडायची. या, आणि सोडून दाखवा.